फायनल आलं की तवा

आमच्या घरात दुपारच्या भाकरीची वेळ घड्याळावर ठरत नसे. ती ठरे स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या एका खोक्यावरून. ते खोकं म्हणजे विमानतळावर मोडीत निघालेला रिसीव्हर. आप्पांनी रीतसर अर्ज करून तो मागून घेतला होता आणि दोन उन्हाळे त्याच्यात डोकं घालून चालता केला होता. त्यावर गाणी लागत नसत, बातम्या लागत नसत. एकच गोष्ट ऐकू येई : उजळाईवाडीच्या माळावरचा विमानतळाचा मनोरा आणि त्या मनोऱ्याशी बोलणारी विमानं. मनोऱ्यात बोलणारा माणूस म्हणजे माझे वडील. दुपारी बाराच्या सुमाराला मुंबईचं छोटं प्रवासी विमान यायचं. ते उतरलं की आप्पांची पाळी संपायची आणि ते सायकलवरून गडमुडशिंगीला घरी जेवायला यायचे. आईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. पण आरतीमागून प्रसाद येतो तसा कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो हे तिला पाठ झालं होतं. वैमानिक ‘फायनल’ म्हणाला, म्हणजे विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आलं, आता फक्त खाली यायचं राहिलं. फायनल आलं की आई तवा ठेवायची. सायकलची घंटी अंगणात वाजेपर्यंत तिसरी भाकरी फुगलेली असायची. मी जोंधळ्याच्या भाकऱ्या पुढे अनेक घरांत खाल्ल्या. त्या वेळेवर झाल्या नाहीत असं नाही, पण आकाशातल्या माणसाच्या शब्दावर झालेली भाकरी दुसरीकडे मिळाली नाही.

घर साधं होतं. तीन खोल्या, वर पत्रा, मागे दोन म्हशी. विमान डोक्यावरून गेलं तर पाहुणे मान वर करत, म्हशी रवंथ चालू ठेवत. सकाळी पेंडीचा वास, दुपारी पिठलं आणि लसणीचा खर्डा, संध्याकाळी धारा काढताना बादलीत पडणारा आवाज, आणि या सगळ्याच्या खाली रिसीव्हरची बारीक खरखर. ती खरखर बंद झाली की घर ओकंबोकं वाटे. आप्पा विमानतळावर जे बोलत तेच वळण घरात आणत. त्यांच्या कामाचा एक नियम होता : मनोऱ्यानं वैमानिकाला काही सांगितलं की वैमानिकानं ते जसंच्या तसं परत सांगायचं, आणि मनोऱ्यानं ते ऐकून बरोबर की चूक ते ठरवायचं. तोवर सांगणं पुरं झालं असं धरायचं नाही. हा नियम मला बोलता येऊ लागल्यापासून लागू होता.

“शालन, म्हशीस्नी पेंड घाल, मग पाणी दाव, मग कॉलेजला जा.”

“पेंड, पाणी, कॉलेज.”

“बरोबर.”

“पोरगी हाय का पोपट?” आई चुलीपुढून विचारायची.

“सांगणाऱ्याचं काम सांगून संपत न्हाय. परत ऐकून संपतं.”

“मग माझं ऐका. येताना मीठ आणा, गूळ आणा, नि आल्यावर घटकाभर गप बसा.”

“मीठ, गूळ, गप,” आप्पा म्हणायचे आणि सायकलवर टांग मारायचे. आई त्यांच्या पाठीला म्हणायची, “बरोबर.”

इतकी वर्षं विमानांना उतरवणारा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला नव्हता. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मनोऱ्याच्या खिडकीतून ते विमानाकडे पाहत तेव्हा विमान धावपट्टी सोडून वर गेल्यावरही बराच वेळ पाहत राहत. कामासाठी तेवढं पाहण्याची गरज नसे. त्यांचा पहिला विमानप्रवास सत्तरीत झाला, माझ्या धाकट्या भावजयीनं काढून दिलेल्या तिकिटावर. परत आल्यावर त्यांची एकच तक्रार होती : वैमानिक काय बोलतो ते प्रवाशांना ऐकू येत नाही, मग बसून करायचं काय.

मी लहानपणापासून रिसीव्हरपुढे वही घेऊन बसायची. जे ऐकू येई ते लिहून काढायची. मला त्यातलं उडणं आवडत नव्हतं, बोलणं आवडत होतं. आपण कोण, कुठे आहोत, किती उंचीवर आहोत, काय हवं आहे. एवढंच सांगायचं आणि बटण सोडायचं. गावात माणसं एक गोष्ट सांगायला चार फाटे फोडत. इथं वरचा माणूस आठ शब्दांत सगळं सांगून गप होत असे. अशा सात-आठ वह्या भरल्या. आप्पांनी त्या वह्या पाहिल्या आणि त्यांचा त्यांनी एक अर्थ लावला. तो चुकीचा होता, पण त्यांना दोष देता येत नाही. पुरावा पाहून कुणीही तोच लावला असता. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा त्यांनी विमानतळावरच्या क्लबात माझं नाव घातलं. क्लबाकडे दोन माणसांचं एक विमान होतं आणि शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आई त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून आम्हीही मास्तर म्हणू लागलो. गावात चर्चा झाली. शेजारच्या म्हाताऱ्यानं आप्पांना वेशीवर थांबवून विचारलं, “पावणं, पोरगी विमानावर ड्रायवर होणार म्हणं?” आप्पा म्हणाले, “व्हय.” त्या एका शब्दात त्यांनी जितकं सुख भरलं होतं तितकं मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यामुळे मी नाही म्हणू शकले नाही. आणि माझं उडवणं वाईट होतं असंही नाही. मास्तरांच्या मते मी ‘ठीक’ होते, आणि मास्तर ठीकच्या वर कुणाला जाऊ देत नसत.

त्या हिवाळ्यात दोन कागद घरात होते. एक आप्पांनी आणला होता : मोठ्या शहरातल्या वैमानिक प्रशालेचा अर्ज. तो त्यांनी भरून ठेवला होता, फक्त माझी सही राहिली होती. नृसिंहवाडीहून आणलेल्या दत्ताच्या तसबिरीमागे तो घडी घालून ठेवला होता. मी पहिल्यांदा एकटीनं विमान उडवून उतरवलं की त्याच दिवशी सही करायची असं ठरलं होतं. दुसरा कागद माझ्या वहीत होता आणि त्याची कुणाला कल्पना नव्हती. कोल्हापुरातल्या एका दैनिकाला मी गुऱ्हाळावर दोन पानं लिहून पाठवली होती. त्यांनी ती छापली नाहीत, पण शिकाऊ जागेसाठी सोमवारी भेटायला बोलावलं होतं. एकटीचं उड्डाण शनिवारी ठरलं. मी शुक्रवारी रात्री तो कागद काढून वाचला आणि परत ठेवला. आप्पांना सांगायचं वाक्य मी मनात चार-पाच प्रकारे तयार केलं होतं. प्रत्येक वाक्य तसबिरीपाशी आलं की अडत होतं.

इथं विमानातल्या एका वस्तूबद्दल सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर घडलं. त्या जुन्या विमानात हातात धरून बोलायचा माइक होता, बाजूला बटण असलेला. बोलताना बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. बटण दाबलेलं असेपर्यंत आपल्याला दुसऱ्याचं काही ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्या वाहिनीवर नीट बोलताही येत नाही. माइक अडकवायचा आकडा ढिला झाला होता, वळण घेतलं की माइक खाली पडायचा. शिकताना ही अडचण मला कधी जाणवली नाही, कारण माझं बोलून झालं की शेजारी बसलेले मास्तर हात पुढे करत आणि माइक स्वतःकडे घेत. ती त्यांची सवय होती. त्यांनी मला विमान उडवण्याबद्दल सगळं शिकवलं, पण ते शेजारी नसतील तेव्हा माइक कुठे ठेवायचा हे त्यांना किंवा मला सुचलं नाही.

शनिवारी धुकं उशिरा निवळलं. अकराला उडायचं ते पावणेबारा झाले. मनोऱ्याखाली शिवाप्पा उभा होता. तो अग्निशामक गाडीचा ड्रायव्हर, सीमेकडच्या गावचा, अर्धा कानडी. मला लहानपणापासून अक्का म्हणायचा, मी त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान असूनही.

“अक्का, गाडीत पाणी भरून ठेवलंय,” तो म्हणाला.

“माझ्यासाठी?”

“तुज्यासाठी कशाला? मास्तरला घाम आलाय बघ.”

मास्तर खरोखरच घाम पुसत होते. त्यांनी माझ्याबरोबर एक फेरी मारली, मग धावपट्टीच्या टोकाशी दार उघडून खाली उतरले. “एक चक्कर. जाऊन ये,” इतकंच म्हणाले. शेजारची जागा रिकामी झाली. मी मनोऱ्याला निघण्याची परवानगी मागितली. आप्पांनी दिली, मी परत सांगितली, त्यांनी बरोबर असल्याचं कळवलं. मग मी सवयीनं माइक उजवीकडे पुढे केला. घ्यायला कुणी नव्हतं. मी क्षणभर तसाच धरला आणि मग आई पानसुपारीची चंची कमरेला खोचते तसा छातीवरच्या पट्ट्यात खोचून दिला. पट्टा घट्ट होता. माइक बरोबर हनुवटीखाली बसला. मला ती युक्ती चांगली वाटली.

मास्तर भरदार होते. ते उतरल्यामुळे विमान हलकं झालं होतं आणि अपेक्षेपेक्षा लवकर वर गेलं. मी घाबरले असं म्हणता येणार नाही. पण घाबरलेलं माणूस करतं तेच मी केलं : मोठ्यानं बोलू लागले. इंजिनाच्या आवाजात आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून ओरडूनच बोलत होते. काय बोलले ते मला पुरतं आठवत नाही. जे पुढे देते ते तिघांच्या सांगण्यावरून जुळवलेलं आहे, आणि तिघांच्या सांगण्यात मुख्य मजकुरात फरक नव्हता.

“वर आलंय. वरच यायला लागलंय. मास्तर, तुमचं वजन किती होतं वो? नाक खाली. ठेवलंय, खालीच ठेवलंय. आता वळायचं. वळलं. खाली ऊस. जिकडं बघावं तिकडं ऊस, वाऱ्यानं एका अंगाला निजलाय. गुऱ्हाळं दोन, धूर उगवतीकडं. विहिरी सात. एकीवर बाई धुणं धुतीया, ती वर बघत न्हाय. तिला काय पडलंय. ते आमचं घर. पत्र्यावर मिरच्या वाळत घातल्यात. म्हशी दोन. आई दिसंना, आत असंल.”

मग घर पंखाखालून मागे गेलं. मग पुढचं.

“हे लिहाय पायजे. हे असंच्या असं लिहाय पायजे. आप्पा, मला हे चालवायचं न्हाय. मला हे बघायचंय नि लिहायचंय. पेपरनं सोमवारी बोलावलंय मला. आता हे घरात कुठल्या तोंडानं सांगू? त्या कागदावर सही करायची न्हाय. करायची न्हाय म्हंजे न्हाय. आता म्हणतीया खरं, खाली गेले की करणार.”

धावपट्टीला समांतर आल्यावर ‘डाउनविंड’ असं मनोऱ्याला कळवायचं असतं. मी माइक पट्ट्यातून ओढून काढला, बटण दाबलं, कळवलं, अंगठा उचलला. उत्तर आलं नाही. पुन्हा कळवलं. डोक्यावरच्या स्पीकरमधून काहीच नाही, खरखरसुद्धा नाही. “आप्पा, चहा प्यायला गेलासा काय?” मी विचारलं. त्यालाही उत्तर नाही.

आप्पांनी मला या प्रसंगासाठी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या, रेडिओ म्हणजे काय हे कळायच्या वयात. उत्तर आलं नाही तर मनोऱ्याकडे बघायचं. आणि दुसऱ्याला शिवी देण्याआधी आपलं बोट बघायचं. मी मनोऱ्याकडे पाहिलं. खिडकीतून हिरवा दिवा माझ्यावर रोखलेला होता, न लुकलुकता, स्थिर. त्याचा अर्थ उतरायला मोकळीक. रेडिओ बंद पडला की मनोरा दिव्यानं बोलतो आणि विमानानं पंख हलवून कळलं म्हणायचं असतं. मी पंख हलवले. मग बोट पाहिलं. बोट बटणावर नव्हतं, तरी बटण आत होतं. पट्ट्याच्या दाबानं ते आत गेलं होतं आणि जुनी स्प्रिंग त्याला बाहेर काढत नव्हती. मी माइक गुडघ्यावर आपटला. बटण टक्कन बाहेर आलं आणि स्पीकर एकदम जिवंत झाला.

आधी अनोळखी आवाज आला. मुंबईचं विमान. त्याचा कॅप्टन आपण पंचगंगेवर घिरट्या घालत असल्याचं सांगत होता, आणि दोनदा सांगून झालं होतं असं त्याच्या स्वरावरून वाटलं. मग आप्पांचा आवाज. त्यांनी त्याला तिथंच थांबायला सांगितलं. मग माझ्या विमानाचं नाव घेतलं, वाऱ्याची दिशा आणि वेग दिला, उतरायला परवानगी दिली. मी परत सांगितलं. “करेक्ट,” आप्पा म्हणाले. त्या आवाजात राग नव्हता, माया नव्हती, घाई नव्हती. जन्मापासून मी तो आवाज फळीवरच्या खोक्यातून ऐकत होते. तो त्या दिवशी एका शब्दानंही वेगळा नव्हता. मला वाटतं मी नीट उतरले ते त्यामुळे. चाकं दोनदा टेकली, पण टेकली.

पुढे चाळीस वर्षं मी वृत्तपत्रात काढली. कुणी वाचक फोनवर चिडून बोलू लागला की शिकाऊ मुलं लगेच वाचकाचं कसं चुकतंय ते सांगू लागत. मी त्यांना म्हणत असे, आधी आपलं बोट बघ. ही म्हण कुठली, असं एकानं विचारलं होतं. ती म्हण नाही, एवढंच मी त्याला सांगितलं.

मी विमानातून उतरून मनोऱ्याकडे चालत गेले. शिवाप्पा जिन्याच्या पायरीवर बसला होता. माझ्याकडे पाहून हसला नाही, म्हणून मला शंका आली.

“काय झालं?”

“काय न्हाय. आठवड्याचा बाजार सोडला तर एवढी माहिती एका दमात कुठं मिळत न्हाय.”

“कुणी कुणी ऐकलं?”

“मी. तुझा आप्पा. वरचं विमान. बाकी देवाला ठाऊक.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आम्ही वर चहा घेत हुतो. तुझा आवाज आला तसा त्यानं कप खाली ठेवला. मी म्हणलो, स्पीकर बारीक करू का? तर म्हणला, असूदे, मला इंजिन ऐकायचंय. दुर्बीण तुझ्यावर, दुसऱ्या हातात दिवा. सोमवारचं म्हणालीस तवा तेवढी दुर्बीण खाली आली. परत लावली की लगेच.”

मुंबईचं विमान तोवर उतरलं होतं. त्याचा कॅप्टन, उत्तरेकडचा उंच माणूस, कागदपत्रं घेऊन मनोऱ्यापाशी आला. आप्पा वरून खाली येत होते. त्यानं हसत विचारलं, “आज रेडिओ पर समाचार कौन पढ़ रहा था?”

“ट्रेनी थी,” आप्पा म्हणाले.

“पायलट ट्रेनी?”

आप्पांनी त्याच्या कागदावर सही केली, वेळ घातली, पेनाला टोपण लावलं. “अभी देखना है,” ते म्हणाले.

मनोऱ्याच्या नोंदवहीत त्या दिवशीची नोंद मी नंतर पाहिली. इंग्रजीत होती आणि पावणेदोन ओळींची होती : प्रशिक्षण विमानाचा माइक अडकला, वाहिनी सुमारे चार मिनिटं बंद, दिव्यानं संकेत दिला, विमान सुखरूप उतरलं. शेवटी लिहिलं होतं : बोललेला मजकूर कामकाजाशी संबंधित नव्हता. मी पुढे अनेक बातम्या संपादित केल्या. त्या नोंदीतून काढण्यासारखा एक शब्द मला आजही सापडत नाही.

घरी येताना आप्पा पुढे आणि मी मागे, दोन सायकली. गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास रस्त्यावर आला होता. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता बंगल्यांचे प्लॉट पडले आहेत आणि माझ्या गच्चीवरून जी विमानं दिसतात ती आमच्या पत्र्यापेक्षा मोठी आहेत. पण ते वळण, तो चढ तसाच आहे, आणि तिथं आले की त्या दिवशीची शांतता किती लांब होती ते मला बरोबर मोजता येतं.

आई अंगणात उभी होती. चुलीवर तवा नव्हता.

“फायनल आलं न्हाई?” आप्पांनी विचारलं.

“आलं असंल. मी घरात कुठं हुते? हिचं बोलणं चालू हुतं तवर काळजी नव्हती. गप झाली तशी बाहेर पळाले बघायला.” मग माझ्याकडे वळून, “मिरच्या दिसल्या म्हणं वरनं.”

“दिसल्या.”

“मी आतच हुते. पिठलं ढवळत.” एवढं बोलून ती आत गेली आणि तवा ठेवल्याचा आवाज आला.

आप्पांनी हातपाय धुतले, तसबिरीमागून कागद काढला, पाटाशेजारी ठेवला आणि जेवायला बसले. मी समोर बसले. आई भाकरी थापत होती. तिचा हात नेहमीपेक्षा सावकाश पडत होता.

“मी परत सांगतो,” आप्पा म्हणाले. “सगळं झाल्यावर बोल. मधी बोलायचं न्हाय.”

मी मान हलवली.

“तुला विमान चालवायचं न्हाय. तुला बघायचंय नि लिहायचंय. पेपरनं सोमवारी बोलावलंय. ह्या कागदावर सही करायची न्हाय.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “खाली आलीस की सही करणार. हेबी तूच म्हणालीस. बरोबर?”

तव्यावरची भाकरी आईनं उलटायची राहिली. जळका वास येऊ लागला तरी ती बघत नव्हती. परत सांगितलेल्यात चूक असेल तर ती तिथल्या तिथं सांगावी लागते; गप राहणं म्हणजे बरोबर म्हणणं. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि विचारताना त्यांना ते माहीत होतं.

“शेवटचं चूक,” मी म्हणाले. “बाकी बरोबर.”

“शेवटचं काय ते नीट सांग.”

“सही करणार न्हाय.”

“सही न्हाय,” आप्पा म्हणाले. “बरोबर.” आणि तुकडा तोंडात घातला.

जळलेली भाकरी आईनं बाजूला काढली, म्हशीसाठी.

“मास्तरला काय सांगायचं?” तिनं विचारलं.

“सांगू की. विमान उतरवून दिलंय पोरीनं, चोरलं न्हाय.”

“आणि गावाला? तुम्हीच वेशीवर व्हय म्हणून आलायसा.”

“गावाला काय, ते ड्रायवर म्हणत हुतं. आता आणि काय म्हणायचं ते म्हणंल.” ते हसले नाहीत, पण दुसरी भाकरी मागून घेतली. आप्पा सहसा दोनवर थांबत. त्या दिवशी ते तिसरीवर गेले. त्यांना वाईट वाटलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. वाटलं असणार. पण ज्या माणसाला मी आयुष्यभर चुकीचा अर्थ लावू दिला होता त्याला त्या दुपारी एकदाची खरी माहिती मिळाली होती, आणि खरी माहिती मिळाली की त्यांचा चेहरा सैल होत असे. तो झाला होता.

जेवण झाल्यावर त्यांनी तो अर्ज उचलला. मला वाटलं फाडतील. त्यांनी तो उलटा केला, बोटानं सपाट केला आणि माझ्यापुढे सरकवला.

“मागची बाजू कोरी हाय. वरनं बोललीस ते लिहून काढ. सोमवारी मोकळ्या हातानं जाऊ नगं.”

“सगळं?”

“माझ्या चहाचं सोड. बाकी सगळं.” ते उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. “एक दुरुस्ती. विहिरी सात म्हणालीस. आठ हायत. रोज दुर्बिणीतनं बघतोय मी.”

“मला सातच दिसल्या.”

“दिसल्या असतील. जाऊन मोजून ये.”

मी संध्याकाळी कागदाच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं आणि विहिरी सातच ठेवल्या, कारण मी पाहिल्या होत्या. रविवारी सकाळी सायकल काढली. बांधाबांधानं फिरले, प्रत्येक विहिरीच्या काठावर उभी राहून पाणी पाहिलं. आठवी एका जुन्या जांभळाखाली होती. झाड तिच्यावर पुरतं पसरलं होतं. वरून ती दिसणं शक्य नव्हतं; मनोऱ्यातून बाजूनं दिसत असणार. तिच्यावर एक बाई धुणं धूत होती; कालचीच की दुसरी, ते मी विचारून घेतलं. दुसरी होती. घरी आले आणि सात खोडून आठ केले.